हजार धाग्यांचा हिशेब

दिवाळीच्या आधीचा रविवार. पुण्याचा लक्ष्मी रोड असो, दादरचा रानडे रोड असो की सोलापूरची नवी पेठ, बेडशीटच्या दुकानात दृश्य एकच. घर आवरून झालेलं असतं, पडदे धुऊन झालेले असतात, आता पलंगावर काहीतरी नवं हवं असतं. दुकानदार चेनवाली प्लॅस्टिकची पाकिटं गठ्ठ्यानं काउंटरवर टाकतो. गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मग नक्षी, मग चेन जराशी उघडून दोन बोटं आत घालतं आणि कापड चोळून बघतं. मऊ लागलं की मान डोलते. पाकिटाच्या कोपऱ्यात सोनेरी आकडा असतो: ३००, ६००, कधी चक्क १०००. आकडा मोठा म्हणजे माल चांगला, असं धरून पाच मिनिटांत व्यवहार उरकतो.

पंचाईत होते ती चैत्र-वैशाखात. तीच चादर रात्री दोन वाजता पाठीला चिकटते. पंखा पाचवर असतो, तरी माणूस कूस बदलत राहतो, उशी उलटी करून तिची गार बाजू शोधतो. दोष उकाड्याला दिला जातो. उकाडा असतोच, पण त्यात अंगाखालच्या कापडाचा वाटा किती, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. दिवसाचे सात-आठ तास ज्या कापडावर जातात, त्याची पारख शर्टपीसइतकीही कुणी करत नाही. ती करायला हवी, आणि ती अवघडही नाही.

झोप येऊ लागते तेव्हा शरीर आतून थंड व्हायला लागतं. हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता कातडीवाटे बाहेर पडते आणि पहाटेपर्यंत शरीराचं आतलं तापमान एखाद्या अंशाच्या आसपास उतरतं. ही उष्णता बाहेर जायला वाट लागते. अंग आणि अंथरूण-पांघरूण यांच्यामध्ये हवेचा एक पातळ थर असतो. त्या थराचं तापमान ३२ ते ३४ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ४० ते ६० टक्के असली की झोप सहसा नीट लागते, अशी नोंद २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी शोध-आढाव्यात आहे. उकाड्याला दमटपणाची जोड मिळाली की मधेच जाग येण्याचं प्रमाण वाढतं आणि गाढ झोप कमी होते, हेही त्यात म्हटलं आहे. मुंबई-कोकणातली माणसं मे महिन्यात याचा अनुभव रोज रात्री घेतात.

म्हणजे चांगल्या चादरीची कामं दोन: घाम टिपायचा आणि वारा जाऊ द्यायचा. पहिलं काम तंतूवर अवलंबून असतं, दुसरं विणीवर. दुकानात मात्र बोलणं होतं ते मऊपणाचं आणि आकड्याचं.

आधी तंतू. प्रयोगशाळेतल्या ठरावीक हवेत, म्हणजे ६५ टक्के आर्द्रता आणि विशीतलं तापमान असताना, १०० ग्रॅम सुका कापूस सुमारे साडेआठ ग्रॅम पाणी स्वतःत मुरवून घेतो आणि तरी हाताला कोरडाच लागतो. लिनन आणि व्हिस्कोज याहून जास्त, बारा ग्रॅमच्या आसपास घेतात. पॉलिएस्टर घेतं ०.४ ग्रॅम. आता घरातली डबल बेडची चादर धरू. ९० इंच बाय १०० इंच, मध्यम पोताची, वजन साधारण ७०० ग्रॅम. सुती असेल तर ती साठेक ग्रॅम ओलावा कुणाला न कळता बाळगते. तेवढ्याच वजनाची पॉलिएस्टरची चादर तीन ग्रॅमही बाळगत नाही. घाम मग कातडी आणि कापड यांच्यामध्ये अडकतो, आणि चिकचिक सुरू होते.

‘मायक्रोफायबर’ नावानं जे विकलं जातं ते बहुतेक पॉलिएस्टरच असतं. त्याचा एकेक तंतू एक डेनिअरहूनही बारीक, म्हणजे ९००० मीटर तंतूचं वजन एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. म्हणून तर ते दुकानात हाताला इतकं मऊ लागतं. त्याचे फायदे खरे आहेत: स्वस्त पडतं, रंग टिकतो, इस्त्री लागत नाही, पावसाळ्यातही चटकन वाळतं. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलाला किंवा एसीच्या खोलीत झोपणाऱ्याला ते चालून जातं. पंख्याखाली झोपणाऱ्या घराला ते देऊ नये. पॉलिएस्टरच्या बाजूनं एक युक्तिवाद हमखास होतो, की खेळाडूंचे घाम शोषणारे टी-शर्ट याच धाग्याचे असतात. असतात खरे, पण ते खास घडणीच्या धाग्याचं विणलेलं होजिअरी कापड असतं, आणि पळणाऱ्या माणसाच्या अंगावरून वारा वाहत असतो. गादीवर पडलेल्या माणसाच्या पाठीखाली वारा नसतो. तिथं सगळा भार कापडावर येतो.

आता त्या सोनेरी आकड्याकडे यायला हरकत नाही. ‘थ्रेड काउंट’ म्हणजे एक चौरस इंच कापडातले उभे आणि आडवे धागे मिळून येणारी संख्या. मागवाले ज्याला रीड-पिक म्हणतात त्याचीच ही बेरीज. इंचात ताण्याचे, म्हणजे उभे, ११० आणि बाण्याचे, म्हणजे आडवे, ९० धागे असतील तर थ्रेड काउंट २००. कापडाच्या व्यापारात एक छोटं घडीचं भिंग वापरतात. ते उघडून कापडावर ठेवलं की खाली बरोबर एक इंचाची चौकट दिसते आणि सुईच्या टोकानं एकेक धागा मोजता येतो. साधी सुती चादर त्या भिंगाखाली धरली की उभ्या-आडव्या धाग्यांच्या मधली चौकोनी भोकंही स्पष्ट दिसतात. त्या भोकांतूनच वारा खेळतो. धागा जवळून पाहिला तर तो गुळगुळीत नसतो; त्याच्या अंगावर बारीक तंतूंची लव असते, पिळाचे वेढे दिसतात, मधेच एखादी गाठ लागते. इतक्या जवळून पाहिलेलं कापड पुन्हा नुसता रंग पाहून घ्यावंसं वाटत नाही.

इथं थोडं गणित करणं भाग आहे, कारण हजाराच्या आकड्याचा खुलासा त्यातच आहे. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात त्या सुताच्या ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. ४० नंबरच्या सुताच्या एका पौंडात चाळीस लडी, म्हणजे जवळपास ३१ किलोमीटर लांबीचा धागा. नंबर वाढला की सूत बारीक. कापडशास्त्रात सुताची जाडी काढायचं जुनं सूत्र आहे, त्यानुसार ४० नंबरचे धागे एकमेकांना अगदी चिकटवून ठेवले तर इंचात १७७ मावतात, ६० नंबरचे २१७, आणि १०० नंबरचे, जे चादरीसाठी फारच तलम, ते २८०. एकाला एक चिकटवून! विणायचं म्हटलं की दोन धाग्यांच्या मधून आडवा धागा वरखाली जायला जागा सोडावी लागते, म्हणजे आकडा आणखी घसरतो. आणि १०००चा थ्रेड काउंट खरा व्हायचा तर इंचात सरासरी ५०० उभे आणि ५०० आडवे धागे हवेत.

ते मावत नाहीत. मग आकडा येतो कुठून? बारीक सुताचे दोन, तीन, चार पदर एकत्र पिळून एक धागा करायचा आणि मोजताना पदर वेगळे धरायचे, म्हणजे २५०चे १००० होतात. किंवा माग चालताना एकाच वेळी चार-सहा बारीक धागे आडवे टाकायचे आणि तेही सुटे मोजायचे. अशा कापडात भोकं बुजतात, वजन वाढतं, वारा अडतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कर्मचारी विभागानं २००५ सालीच मत दिलं होतं की पदर मोजून फुगवलेला थ्रेड काउंट ग्राहकाची दिशाभूल करू शकतो. वीस वर्षं उलटली तरी पाकिटावरचे आकडे काही खाली आलेले नाहीत. एकपदरी सुताची, २०० ते ३०० थ्रेड काउंटची, निर्भेळ सुती चादर महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत हजारीपेक्षा सुखाची, आणि ती सहसा स्वस्तही मिळते.

‘इजिप्शियन कॉटन’ या दुसऱ्या मोहिनीची गोष्ट तर थेट मुंबईपर्यंत येते. ऑगस्ट २०१६मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीनं वेलस्पन इंडियाशी व्यवहार तोडत असल्याचं जाहीर केलं. मुख्यालय मुंबईत, कारखाने गुजरातेत वापी आणि अंजारला, आणि चादरी-टॉवेलच्या निर्यातीत जगात वरच्या रांगेत असलेली ही कंपनी. ऑगस्ट २०१४ ते जुलै २०१६ या काळात इजिप्शियन कापसाच्या म्हणून पुरवलेल्या साडेसात लाख चादरी आणि उशांच्या अभ्ऱ्यांमध्ये दुसराच कापूस वापरल्याचं टार्गेटचं म्हणणं होतं. कंपनीचा शेअर कोसळला, टार्गेटनं गिऱ्हाइकांचे पैसे परत केले. या प्रकरणातली बोलकी बाब अशी, की ज्यांनी त्या चादरी घरी नेल्या, धुतल्या, त्यांवर झोपले, त्यांना फरक कळलेला नव्हता.

इजिप्शियन कापसाचं नाव ज्यावर चालतं त्या लांब धाग्याचं मोल मात्र खोटं नाही. तंतू लांब असला की सुतात त्याची टोकं कमी येतात. टोकं कमी म्हणजे लव कमी, गोळे कमी, आणि तेवढ्याच जाडीत धागा मजबूत. विदर्भ-मराठवाड्यात पिकणाऱ्या कापसाचा तंतू बहुतांशी २८ ते ३० मिलिमीटरचा असतो, आणि रोजच्या चादरीला तो अगदी पुरेसा आहे. भारताचा स्वतःचा ‘सुविन’ हा कापूसही आहे. १९७४ साली कोइंबतूरला सुजाता आणि सेंट व्हिन्सेंट या दोन वाणांच्या संकरातून तो निघाला. जगातल्या उत्तम लांब धाग्यांत त्याची गणना होते, पण पीक फार थोडं. तेव्हा फुटपाथवरच्या पाकिटावर ‘इजिप्शियन’ दिसलं तर त्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नये.

बांबूच्या चादरींचंही थोडक्यात सांगायला हवं. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवतात आणि बारीक छिद्रांतून त्याचे तंतू काढतात. ते व्हिस्कोज असतं. गार लागतं, घाम टिपतं, पण ओलं झालं की कमजोर पडतं, म्हणून मशीनमध्ये जपावं लागतं. व्हिस्कोजच्या मालाला ‘बांबू’ म्हणत पर्यावरणस्नेही असल्याचा दावा केल्याबद्दल २०२२ साली अमेरिकेत वॉलमार्ट आणि कोल्स या दोन कंपन्यांना मिळून ५५ लाख डॉलर भरावे लागले.

तंतूनंतर वीण. दुकानात दोन नावं कानावर येतात: परकेल आणि सॅटिन, किंवा सटीन. परकेल म्हणजे साधी वीण, एक धागा वर, एक खाली. हाताला किंचित कडक, धुतल्यावर कुरकुरीत, वारा जाऊ देणारी. सॅटिनमध्ये धागा तीन-चार धाग्यांवरून तरंगत जातो आणि मग एकाखाली बुडी मारतो. त्यामुळे चमक येते, मऊपणा येतो, धागे दाटीवाटीनं बसतात आणि कापड अंगाला लपेटून घेतं. महाबळेश्वरला किंवा नाशिकच्या डिसेंबरात सॅटिन सुखाचं. पनवेलच्या मे महिन्यात परकेलला पर्याय नाही.

हवामानानुसार निवड बदलते, हे दुकानात कुणी सांगत नाही. नागपूर-अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांवर गेला तरी कोरडा. तिथं सुती चादर घाम पिते आणि कूलरच्या वाऱ्यात तो उडूनही जातो. चादरीचं वजन थोडं जास्त असलं तरी बिघडत नाही. रत्नागिरी-मालवण-पणजीकडे हवाच ओलावलेली, म्हणून कापूस आधीच निम्मा भरलेला असतो आणि घाम पिण्याची त्याची ताकद तेवढी कमी उरते. अशा ठिकाणी विरळ विणीची, हलकी चादर घ्यावी आणि दोन-तीन जोड ठेवून लवकर लवकर बदलावी. जुलैत दोरीवरची जाड चादर दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरते; पातळ चादर पंख्याखाली रात्रीतून वाळते. पांघरायला जयपुरी दोहर, म्हणजे मलमलीच्या तीन थरांचं हलकं पांघरूण, किनारपट्टीच्या एसीच्या खोल्यांत बेतशीर ठरतं.

मग सोलापुरी चादर? महाराष्ट्रात चादर म्हटलं की आधी तीच आठवते, आणि तिच्याबद्दलचं प्रेम साजेसंच आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी सोलापुरात हा धंदा रुजवला. जकार्डवर विणलेली ती दुहेरी नक्षी, एका बाजूला जो रंग जमिनीचा तोच दुसऱ्या बाजूला फुलाचा, ही त्या विणकरांची करामत. तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे, तरी पानिपतकडचा स्वस्त माल तिच्या नावावर खपतो, ही सोलापूरकरांची जुनी तक्रार. पण ही चादर जाड सुताची, भरीव विणीची. ती पांघरण्यासाठी आहे; एसटीच्या रात्रीच्या प्रवासात, गावच्या ओसरीवर, पौषातल्या पहाटे तिच्यासारखं दुसरं काही नाही. उन्हाळ्यात गादीवर अंथरून तिच्याकडून गारव्याची अपेक्षा करणं हा तिच्यावर अन्याय आहे.

अंथरायच्या चादरीचं साधं कापड येतं ते इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांवरून, नाहीतर तमिळनाडूतल्या करूर-इरोडकडून. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला. गिरणी कामगारांच्या १९८२च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि विणाई आणखीच या गावांकडे सरकली. इथं कोऱ्या कापडाचा भाव ठरतो तो सुताचा नंबर, रीड-पिक आणि पन्हा यांवर. मागवाल्यापासून अडत्यापर्यंत प्रत्येकाला कापडात नेमकं काय आहे ते माहीत असतं. ते प्रोसेस हाऊसमध्ये जाऊन, रंगून, छापून, पाकिटात बसून दुकानात येतं तोपर्यंत ही सगळी माहिती गळून पडते आणि उरतो तो फुलांचा फोटो आणि सोनेरी आकडा.

दुकानात चोळून पाहिलेला मऊपणाही पुष्कळदा कापडाचा नसतो. शेवटच्या प्रक्रियेत सिलिकॉनचं सॉफ्टनर चढवतात, ते तीन-चार धुण्यांत उतरतं. काही मालाला खळ भरपूर देतात, म्हणून कापड भरीव वाटतं आणि पहिल्या धुण्यात पाणी पांढुरकं होतं. ‘सुरकुत्या न पडणारं’ सुती कापड रेझिन चढवून करतात, त्यात कापसाची पाणी पिण्याची ताकद कमी होते. खरा सुती मऊपणा उलट्या दिशेनं येतो: धुण्यागणिक वाढत. आजीच्या लुगड्यांची गोधडी तान्ह्या बाळाखाली अंथरतात ती म्हणूनच. घरी सॉफ्टनर घालून हा प्रवास लवकर उरकायचा मोह होतो, पण तंतूवर त्याचा पापुद्रा बसतो आणि घाम टिपणं मंदावतं. साधी पावडर आणि ऊन पुरे.

पारखायला फार सामग्री लागत नाही. चादरीची घडी उलगडून उजेडासमोर धरावी: बारीक चौकोनी जाळी सारखी दिसली तर वीण साधी आणि नीट. पाण्याचा थेंब टाकावा. नवं कापड असेल तर फिनिशिंगमुळे थोडा थांबेल, पण धुतलेल्या सुती कापडात तो लगेच पसरतो. काठाचा एक धागा ओढून, मोकळ्या जागी चिमट्यात धरून जाळावा. कापूस कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि करडी राख बोटांत भुगा होते. पॉलिएस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला कडक मणी उरतो. मिश्र सुतात दोन्ही खुणा मिळतात. दुकानदार काडी ओढू देणार नाही, म्हणून आधी एकच उशीचा अभ्रा घेऊन घरी पाहावा आणि मग जोड घ्यावा. ‘कॉटन फील’, ‘कॉटन टच’ असे शब्द दिसले तर पाकीट उलटं करून बारीक अक्षरांतली टक्केवारी वाचावी. फील आणि टच लिहावं लागतं ते सहसा कॉटन नसतं म्हणूनच.

गादीकडेही एक नजर हवी. पिंजाऱ्याकडून भरून घेतलेल्या कापसाच्या गादीला स्वतःचा श्वास असतो. फोमची गादी, त्यातही अंगाच्या उबेनं मऊ होऊन शरीर कवेत घेणारा मेमरी फोम, उष्णता धरून ठेवतो. त्यावर प्लॅस्टिकच्या अस्तराचं वॉटरप्रूफ कव्हर चढवलं की कितीही चांगली चादर निम्मी वाया जाते. लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात असेल तर कव्हर टाळता येत नाही. तेव्हा कव्हर आणि चादर यांच्यामध्ये जुन्या सुती चादरीची घडी घालावी. आजारी माणसाखाली तर पातळ, अनेकदा धुतलेली, सुरकुती न ठेवता ताणून बसवलेली सुतीच हवी. ओल आणि सुरकुती, दोन्हींनी पाठीची कातडी सोलवटते आणि पुढं शय्याव्रणाला वाट मिळते. घरातल्या सगळ्या चादरींत इथं चूक सर्वांत महाग पडते.

मापाची फसगत सर्वांत जास्त होते आणि तिची चर्चा सर्वांत कमी. ७२ बाय ७८ इंचांची, सहा इंच जाडीची गादी घरात असते आणि ९० बाय १००ची चादर ‘डबल’ म्हणून आणली जाते. रुंदीचा हिशेब: ७२ अधिक दोन बाजूंचे १२, झाले ८४. खाली खोचायला दोन्हीकडे तीन-तीन इंच. सुती कापड पहिल्या काही धुण्यांत तीन-चार टक्के सहज आटतं. ९०चे साडेशह्याऐंशी होतात आणि खोचायला इंच-सव्वा इंच उरतो. मग रात्री चादर निसटून पाठीखाली गोळा होते आणि माणूस कापडाला नावं ठेवतो. अशा गादीला १०८ बाय १०८चीच चादर लागते.

हे सगळं ग्राहकानं भिंग घेऊन शोधावं, अशी अपेक्षा वाजवी नाही. इचलकरंजीच्या अडत्याला जे चिठ्ठीवर मिळतं तेच पाकिटावर छापायला काही अडचण नाही: तंतू किती टक्के, सुताचा नंबर किती, एकपदरी की बहुपदरी, ताणा आणि बाणा वेगवेगळे किती, वीण कोणती, दर चौरस मीटरला वजन किती ग्रॅम, आणि आटल्यानंतरचं माप काय. सात ओळी. यंदाच्या खरेदीत दुकानदाराला यातले निदान तीन प्रश्न विचारून पाहावेत: सूत शंभर टक्के कापसाचं आहे का, एकपदरी आहे का, धुतल्यावर माप किती राहील. उत्तर आलं नाही तर पाकीट परत गठ्ठ्यात ठेवावं आणि पुढच्या दुकानात जावं.